फिल्ममधून ऑक्सिजन किती झिरपतो, हे मोजताना

शेंगा चटणीच्या पाकिटाची फिल्म तपासतोयस ना? मग फिल्मच्या आड बसवलेल्या सेन्सरच्या ठिपक्याची चमक किती प्रखर आहे ते सोड, दिवा बंद झाल्यावर ती किती वेळात विझते ते मोज. ठिपक्यात प्लॅटिनम पोर्फिरिन असतं, म्हणजे दिव्याच्या उजेडाने लाल चमकणारा रंग; ऑक्सिजन पोचला की त्याची चमक लवकर मावळते. दिव्याचा उजेड थोडा कमी-जास्त झाला तरी हा काळ बदलत नाही. कॅलिब्रेशन (किती काळ म्हणजे किती ऑक्सिजन हे ठरवणं) नायट्रोजन आणि साध्या हवेवर कर, झालं.

खरा घोळ तापमानाचा. सोलापुरात मे महिन्यात पारा ४० च्या पुढे. तापलेल्या फिल्ममधून वायू जास्त जातो, शिवाय उष्णतेनेही चमक लवकर विझते, म्हणजे चूक दुहेरी! एसी बंद असेल तर आकडा लिहूच नकोस.

आणि एकदा फिल्मच्या जागी जाड ॲल्युमिनियम फॉइल लावून बघ, त्यातून ऑक्सिजन जात नाही. तरीही ऑक्सिजन वाढला, तर गळती कडेच्या सीलमधून आहे.