मुले लहान असताना पती-पत्नीने मृत्युपत्रात काय लिहावे?
‘सर्व काही जोडीदाराला’ एवढ्यावर थांबू नये. दोघेही एकाच वेळी गेल्यास काय, हा अप्रिय प्रश्नच अशा मृत्युपत्राचा गाभा आहे. मुलांचा पालक कोण असावा हे दोघांनी मिळून ठरवावे, त्या व्यक्तीची संमती आधी घ्यावी आणि दोन्ही मृत्युपत्रांत तेच नाव, शिवाय एक पर्यायी नाव लिहावे. जीव लावणारी मावशी हिशेबात कच्ची असू शकते, म्हणून पैसा वेगळ्या विश्वस्ताकडे सोपवणे मला अधिक सुरक्षित वाटते. तो मुलांच्या हाती कोणत्या वयात पडावा आणि तोवर शिक्षण-औषधोपचारांवर कसा खर्च व्हावा, हेही स्पष्ट नमूद करावे. सही दोन साक्षीदारांसमोर करावी. ज्यांना मालमत्तेतून काही मिळणार आहे, त्यांना साक्षीदार करू नये.