लोण्याच्या वड्यांवरची नाममुद्रा

प्रश्न : फ्रेंच राज्यक्रांतीत गिलोटिनखाली मान गेलेल्या उमरावांविषयी पुष्कळ वाचायला मिळते, पण जीव वाचवून परदेशी गेलेल्या त्यांच्या घरांतील स्त्रियांनी पुढे दिवस कसे काढले? त्यांना हद्दपार केले होते का आणि त्या कधी मायदेशी परतल्या का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : अशा स्त्रियांपैकी मार्कीझ द ला तूर द्यु पँ हिने आपल्या आयुष्याची हकीकत स्वतःच लिहून ठेवली आहे, म्हणून तिच्याच आधारे उत्तर देतो. माहेरची ती ल्युसी डिलन. तिचा जन्म १७७० मध्ये पॅरिसला झाला. बारा वर्षांची असताना आई वारली आणि नारबॉनचे आर्चबिशप असलेल्या चुलत आजोबांच्या श्रीमंती इतमामात, परंतु आजीच्या कडक धाकात ती वाढली. १७८७ मध्ये तिचे लग्न झाले आणि राणी मारी आंत्वानेतच्या परिवारात तिचा प्रवेश झाला. ऑक्टोबर १७८९ मध्ये पॅरिसच्या स्त्रियांचा मोर्चा व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून आला, तेव्हा ती तेथेच होती. तिचे सासरे त्या वेळी युद्धमंत्री होते.

आता आपल्या ‘हद्दपार’ या शब्दाविषयी. पहिल्या खेपेस तिला कोणीही हद्दपार केले नव्हते. देश सोडून गेलेल्यांची मालमत्ता सरकारजमा होत होती आणि ते परत आले तर त्यांना मृत्युदंड ठरलेला होता; पण देशात राहावे तरी अटक आणि गिलोटिन समोर होतेच. बोर्दो परिसरात लपून असताना, १७९३ मध्ये, ती सेराफीन या मुलीची आई झाली. अखेर तेथील क्रांतिकारी प्रतिनिधी ताल्याँ याच्याजवळ वजन असलेल्या तेरेझा काबारुस हिच्या मदतीने पासपोर्ट मिळाले आणि मार्च १७९४ मध्ये पती व दोन मुलांसह ती एका लहानशा जहाजातून बोस्टनकडे निघाली. सुमारे दोन महिन्यांच्या त्या प्रवासात विंचरता येईनात म्हणून तिने आपले लांब केस कापून समुद्रात टाकले. जहाज समुद्रावर असतानाच, एप्रिल महिन्यात, तिकडे पॅरिसमध्ये तिचे वडील आणि सासरे अशा दोघांनाही गिलोटिनवर चढवण्यात आले.

न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनीजवळ या कुटुंबाने शेत विकत घेतले. स्थानिक स्कायलर घराण्याने त्यांना मोठा आधार दिला. ल्युसी पहाटे उठून दुधाचे काम पाही, लोणी काढी आणि त्याच्या वड्यांवर घराण्याची नाममुद्रा उमटवून ते विकायला पाठवी. त्या लोण्याला गिऱ्हाईकही चांगले होते. एकदा ती अंगणात कुऱ्हाडीने बकऱ्याची तंगडी तोडत असताना, अमेरिकेत आश्रयाला आलेला मुत्सद्दी तालेराँ मागे येऊन उभा राहिला आणि त्याने तिच्या त्या कामाचीही राजेशाही थाटाचे म्हणून तारीफ केली. हा प्रसंग सर्वत्र मोठ्या कौतुकाने सांगितला जातो. परंतु त्याच शेतावर तिने विकत घेतलेले चार गुलामही राबत होते, हे त्याच्या शेजारी सांगितले जात नाही. १७९६ मध्ये निघताना तिने त्यांना मुक्त केले. न्यूयॉर्कने गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवण्याचा कायदा केला तो १७९९ मध्ये, त्याआधीची ही गोष्ट. तिच्या या कृतीचे मोल मी कमी लेखत नाही, पण जुलमातून पळालेल्या माणसांनी दुसऱ्या माणसांना विकत घ्यावे, हे मला आजही अस्वस्थ करते. याच शेतावर सेराफीन दगावली.

जप्त झालेली मालमत्ता सोडवण्यासाठी पतीला परतायचे होते. ल्युसीचे मन मात्र शेतावरून निघत नव्हते. स्पेनमार्गे ते फ्रान्सला पोहोचले आणि वर्षभरातच, सप्टेंबर १७९७ च्या सत्तापालटानंतर, देशत्यागी म्हणून यादीत नावे असलेल्यांना फ्रान्स सोडण्याचा हुकूम सुटला. आपला ‘हद्दपार’ हा शब्द लागू पडतो तो येथे. इंग्लंडमधील ओढगस्तीची ती वर्षे १८०० मध्ये संपली. पुढे नेपोलियनच्या राजवटीत पती ब्रसेल्सचे प्रीफेक्ट, म्हणजे सरकारने नेमलेले प्रांताधिकारी, झाले आणि राजेशाही परत आल्यावर राजदूत.

मुलांचे दुःख मात्र तिला सोडत नव्हते. मोठा मुलगा अंबेर १८१६ मध्ये द्वंद्वात मारला गेला, दोन मुली तरुणपणीच गेल्या आणि एमार हा एकच मुलगा उरला. १ जानेवारी १८२० रोजी, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, तिने आठवणी लिहायला घेतल्या. त्या १८१५ पर्यंत येऊन थांबतात. १८३२ मध्ये एमार हा, पदच्युत बूर्बाँ राजघराण्याला गादी परत मिळवून देण्यासाठी त्या घराण्याची सून बेरीची डचेस हिने केलेल्या बंडात सामील झाला आणि त्याच्यापायी वृद्ध आईबापांनाही पुन्हा देश सोडावा लागला. पती १८३७ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे वारले. ल्युसी इटलीत राहिली आणि २ एप्रिल १८५३ रोजी पिसा येथे, एमारच्या सोबतीत, तिने देह ठेवला.