बरडावरची काळी खपली खरवडू नका

मृगाच्या सरी येऊन गेल्या की पेरणीच्या फोनांत काही वेगळे प्रश्नही येतात. यंदा एकाच धाग्याचे तीन आले, म्हणून उत्तर एकत्र देतो.

हिंगणा भागातल्या एका शेतकरी भावाने फोटो पाठवून विचारलं, "साहेब, माझ्या दोन एकर बरडावर काळी खपली धरली आहे. पाणी पडलं की हिरवी होते, वर बुळबुळीत गोळे येतात. जमिनीला रोग लागला का? तणनाशक मारू, का रोटाव्हेटर फिरवू?" काटोलच्या एका ताईंच्या संत्राबागेत झाडाखाली हिरवं शेवाळ आलं आहे. आणि उमरेडकडच्या एका गावातून विचारणा आहे की ई-क्लास, म्हणजे गावाच्या सरकारी चराईच्या जमिनीवर, पाणी मुरवायचे चर खोदताना जेसीबी सगळीकडे फिरवला तर चालेल का.

भाऊ, हा रोग नाही. तणनाशक मारू नका आणि रोटाव्हेटर तर नकोच. ती खपली जिवंत आहे आणि तुमच्या बरडावर जी चार बोटं माती उरली आहे, ती तिनेच धरून ठेवली आहे.

तिच्यात नील-हरित शेवाळ असतं, बुरशीचे तंतू असतात, कुठे मखमलीसारखं मॉस, कुठे दगडफूल. आपल्या सावजी मसाल्यात पडतं ते दगडफूल याच कुळातलं. शेवाळाचे धागे केसाहून बारीक असतात आणि त्यांच्याभोवती चिकट खोळ असते. माती ओली झाली की धागे खोळीतून पुढे सरकतात, वाळली की थांबतात. रिकामी खोळ मागे राहते आणि मातीचे कण तिला चिकटून बसतात. असं वर्षानुवर्षं होत जातं, तेव्हा कुठे काही मिलिमीटरची ही कातडी तयार होते. तुम्हाला दिसलेले गोळे म्हणजे नॉस्टॉक, नील-हरित शेवाळाचाच एक प्रकार. उन्हाळ्यात ते जळक्या कागदाच्या कपट्यांसारखे पडलेले असतात, पाणी लागलं की फुगतात.

मात्र प्रत्येक खपली जिवंत नसते. पेरणीनंतर जोराचा पाऊस होऊन ऊन पडलं की वावरात जी कडक पापडी धरते, ती नुसती माती. ती उगवण अडवते, हलक्या हाताने फोडावीच लागते. फरक घरीच पाहता येतो. काडेपेटीएवढा कोरडा तुकडा चाकूने अलगद उचला आणि पेल्यातल्या पाण्यात सोडा. साधी पापडी थोड्या वेळात विरघळून तळाशी गाळ होते. जिवंत खपली एकसंध राहते. ती काडीने हळूच वर उचला, खाली बारीक धागे आणि त्यांना लटकलेले मातीचे कण दिसतील. मुलांना जवळ बसवून हे करा.

हिचं काम मोठं आहे. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटला की कण उडतात आणि उताराने वाहून जातात. खपली तो मार अंगावर घेते. शिवाय नील-हरित शेवाळ हवेतला नत्र जमिनीत आणतं. रामटेक-मौद्याच्या धानकऱ्यांना हे नवं नाही, बांधीत ते शेवाळखत टाकतात. उत्तर प्रदेशातल्या ऊसर, म्हणजे खारवट नापीक जमिनी बांध घालून, पाणी साठवून, शेवाळ वाढू देऊन सुधारता येतात हे शेवाळांचे अभ्यासक आर. एन. सिंह यांनी १९५० मध्येच मांडलं होतं. तरीही याला खताचा पर्याय समजू नका. वखर-डवरा चालतो त्या वावरात ही खपली टिकत नाही, आणि तिच्यासाठी मशागत सोडा असं मी सांगणार नाही. मी बोलतोय ते बरड, पडीक, धुरे (बांध) आणि चराईच्या जमिनीबद्दल.

हवामान बदलतंय म्हणून यावर जास्त लिहितो आहे. जगाच्या सुमारे १२ टक्के जमिनीवर अशी जिवंत कातडी आहे, आणि २०१८ च्या एका अभ्यासाचा अंदाज असा की ६५ वर्षांत तिच्यातली २५ ते ४० टक्के नष्ट होईल. अमेरिकेत उटाह राज्यात मोआबजवळ शास्त्रज्ञांनी उन्हाळ्यात काही तुकड्यांवर जेमतेम १.२ मिलिमीटरचे हलके शिडकावे वारंवार दिले. एका हंगामात मॉसचं आच्छादन २५ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या खाली आलं. पाण्याने नव्हे, अपुऱ्या पाण्याने ते मेलं. ओलं होताच मॉस जागं होतं आणि साठवलेलं अन्न खर्च करतं. पण नवं अन्न तयार होण्याआधीच ऊन त्याला वाळवून टाकतं. तिथलाच दुसरा निष्कर्ष मला जास्त महत्त्वाचा वाटतो: कृत्रिम उष्णता दिलेल्या तुकड्यांची जी गत झाली, तीच पायाने तुडवलेल्या तुकड्यांची झाली. तिथला पाऊस आपल्याहून फार कमी, म्हणून ते आकडे नागपूरला जसेच्या तसे लावू नका. पण पावसाचे खंड आणि मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन आपल्या हातात नाही. पाय आणि चाकं आहेत.

म्हणून भाऊ, बरडावर ट्रॅक्टरची एकच वाट ठरवा. उन्हाळ्यात गुरं तिथे मोकळी सोडू नका. कोरडी खपली खुराखाली पापडासारखी चुरते आणि पाऊस येईपर्यंत सांधत नाही. पावसाळ्यात चिखल असेल तर गुरं बाहेर ठेवा, गवत कापून घाला. धुरे पेटवू नका. डायुरॉनसारखी तणनाशकं हिरव्या पानाची अन्न तयार करण्याची क्रियाच बंद पाडतात, शेवाळही त्यातून सुटत नाही.

काही वर्षांपूर्वी मीच एका शेतकऱ्याला असं बरड नांगरून झाडं लावायला सांगितलं होतं. पहिल्याच मोठ्या पावसात घोट्याएवढ्या घळी पडल्या आणि मुरूम उघडा झाला. तो सल्ला चुकीचा होता, त्याची रुखरुख आजही आहे.

ताई, तुमच्याकडची गोष्ट उलट आहे. बागेत झाडाखाली हिरवंगार बुळबुळीत शेवाळ म्हणजे तिथे ओल साचून राहते. ते जपायचं नाही, पाणी हटवायचं. डबल रिंग, म्हणजे झाडाभोवती दोन गोल आळी करा म्हणजे खोडाला पाणी लागणार नाही, चर काढून निचरा द्या, खोडाला बोर्डो पेस्ट लावा. नाहीतर खोडातून डिंक पाझरणारा डिंक्या रोग येईल. खोडावरचे राखाडी दगडफुलाचे ठिपके मात्र झाड खात नाहीत, ते खरवडत बसू नका.

उमरेडकरांनो, चर जरूर खोदा, पण आखलेल्या रेषेवरच. मशीनची ये-जा एकाच बाजूने ठेवा, मधले पट्टे अस्पर्श राहू द्या. चराच्या जागेवरची खपली आधी वरच्यावर काढून पोत्यात, सावलीत कोरडी ठेवा. चर झाल्यावर पाऊस लागताच ती चुरून उघड्या मातीवर भुरभुरा, हेच तिचं बियाणं. वर उताराला आडव्या तुराट्या पसरा म्हणजे ती वाहून जाणार नाही. कपाशीच्या पऱ्हाट्या नकोत, त्यांत गुलाबी बोंडअळी राहते. आखणीच्या आदल्या दिवशी मला कळवा, मी सकाळीच येतो. ऊन चढायच्या आत, दवात ओली असताना खपली नीट दिसते.