अक्रोडाचा गर अख्खा निघत नाही? टोचा बदलण्याआधी हे करून बघा

तुमचा प्रश्न असा की, अक्रोड फोडायच्या चिमट्यासोबत मिळालेला टोचा, म्हणजे गर काढायची धातूची बारीक काडी, वापरूनही गराचा चुराच होतो, तर आणखी टोकदार टोचा घ्यावा का?

नका घेऊ. टोक जितकं तीक्ष्ण, तितकं ते गरात रुततं आणि गर तिथेच तुटतो. चांगल्या टोच्याचं टोक बारीक पण किंचित बोथट असतं आणि शेवटाकडे जरा वाकलेलं. सगळी करामत त्या बाकात आहे. दांड्याला पीळ किंवा खाचा असलेला घ्या, कारण गराचं तेल बोटांना लागलं की गुळगुळीत दांडा हातात फिरतो.

खरी चूक बहुतेक फोडतानाच होते. एकदम जोर लावू नका. थोडं दाबा, अक्रोड फिरवा, पुन्हा दाबा. पहिला ‘कड्’ आवाज आला की थांबायचं आणि कवचाचे तुकडे हातानेच सोडवायचे.

आता टोचा. आधी गराला हात लावू नका. दोन फोडींच्या मध्ये तपकिरी, चिवट पडदा असतो, तो टोकाने उचलून काढा. गर अडकतो तो बहुधा त्यानेच. मग टोच्याचा बाक कवचाच्या आतल्या गोलाईला लागेल असा धरून टोक कवच आणि गर यांच्यामध्ये सरकवा आणि कवचाच्या काठावर टेकवून हलकेच उचला. टोचायचं नाही, उचलायचं. नाव ‘टोचा’ असल्यामुळेच बरेचजण इथे फसतात.

पिकॅनचं (अक्रोडाच्याच जातकुळीतलं, लांबट फळ) कवच पातळ, पण आतल्या खाचांमध्ये कडू भुसा बसलेला असतो; तो टोकाने खरवडून काढावाच लागतो. फोडण्याआधी पिकॅन उकळत्या पाण्यात 10-15 मिनिटं ठेवले तर गर लवचिक होतो आणि कमी तुटतो. असा ओलसर गर मात्र नीट वाळवूनच डब्यात भरा, नाहीतर बुरशी धरेल. बदाम, हेझलनट यांना टोचा लागतच नाही, कवच फुटलं की गर सुटा होतो. काळ्या अक्रोडाचं (ही अक्रोडाची वेगळी, अमेरिकी जात) कवच इतकं जाड आणि आत इतकं गुंतागुंतीचं की अख्ख्या फोडीचा हट्ट धरू नका, पाव तुकडे निघाले तरी उत्तम.

आणि कृपा करून टोच्याऐवजी सुरीचं टोक वापरू नका. कवचावरून सुरी सटकली की थेट तळहातात जाते. माझ्या अंगठ्याखाली त्याची खूण अजून आहे.