४६३ मध्ये काय मिळेल, मॅडम?

मी वैद्यकीय प्रवेशासाठी मुलांना आणि पालकांना मार्गदर्शन करते. नीटचा, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पालकांचा पहिला प्रश्न एकाच साच्यातला असतो, आकडा तेवढा बदलतो. '४१० मध्ये काय मिळेल?' '४८८ ला सरकारी लागेल का?' अगदी वरच्या गुणांची मुलं माझ्याकडे फारशी येत नाहीत. येतात ती मधल्या गुणांची, आणि त्यांच्या घरात निकालापासून कुणी धड जेवलेलं नसतं.

२०२५ च्या जूनमध्ये असंच एक कुटुंब आलं. मुलीला आपण मेघना म्हणू. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. नीटला ७२० पैकी ४६३ गुण, ऑल इंडिया रँक एक लाखाच्या पुढे, प्रवर्ग ओबीसी. वडिलांचं तालुक्याच्या गावी ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज, आई अंगणवाडी सेविका. वडिलांनी टेबलावर दोन कागद ठेवले.

पहिला मेघनाच्या अक्षरातला. त्यावर नऊ नावं: मुंबईचं सेठ जी. एस. (केईएम), ग्रँट, सायन, नायर, पुण्याचं बी. जे. आणि अशीच आणखी चार. खाली रेघ मारून लिहिलं होतं, 'नाहीतर परत परीक्षा.' दुसरा कागद एका एजंटने दिलेला, छापील. त्यावर दोन अभिमत (डीम्ड) विद्यापीठं आणि एक परदेशातलं कॉलेज. अभिमतची फी वर्षाला पंचवीस लाखांच्या आसपास. वडिलांनी कागदाच्या मागे पेन्सिलीने हिशेब मांडला होता: दोन एकर, सोनं, गॅरेजवर कर्ज. बेरीज जुळत नव्हती, म्हणून ती तीनदा केलेली दिसत होती.

"एजंटचंच का ऐकायचं ठरवलंत?" मी विचारलं.

त्यांनी मोबाइलवर २०२४ ची यादी उघडली. "हे बघा ना मॅडम. गेल्या वर्षी खासगीलासुद्धा साडेपाचशेच्या वर लागलेत. पोरीला ४६३. म्हणजे राज्यात काहीच नाही."

सगळी गडबड इथे होती, आणि ती मी दर वर्षी बघते. गुणांची तुलना गुणांशी. २०२४ मध्ये गुणांचा महापूर होता. फेरनिकालानंतरही १७ जणांना पूर्ण ७२० होते. २०२५ चा पेपर, विशेषतः फिजिक्स, इतका अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ गुण होते. २०२४ मध्ये ज्या रँकला सहाशेच्या पुढे गुण लागले, त्याच रँकला २०२५ मध्ये पाचशेच्या आसपास पुरले. मेघनाचे ४६३ हे २०२४ च्या ४६३ सारखे नव्हतेच. जागा गुणांना मिळत नाही, रांगेतल्या क्रमांकाला मिळते.

मी त्यांना राज्यातले प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलने प्रसिद्ध केलेली २०२४ ची शेवटच्या फेरीची निवड यादी छापून दिली. पहिल्या फेरीची मुद्दाम नाही दिली. पहिल्या फेरीनंतर वरची मुलं अखिल भारतीय कोट्यात जातात, कुणी एम्सला जातं, कुणी चांगली जागा मिळाली म्हणून सरकतं, आणि यादी खाली खाली येते. पहिल्या फेरीचा कटऑफ बघून निराश झालेल्यांची तर मोजदादच नाही.

यादीतल्या ओळी बारीक. मेघनाने दप्तरातून स्टीलची पट्टी काढली, कागदावर आडवी ठेवली आणि एकेक ओळ खाली सरकवत गेली. मी एवढंच सांगितलं होतं: प्रत्येक कॉलेजात तुझ्या प्रवर्गाचा शेवटचा मुलगा किंवा मुलगी कुठल्या रँकला आहे ते शोध, गुणांचा विचारच करू नकोस. अर्धा तास कुणी बोललं नाही. मग तिने पट्टी एका ओळीवर तशीच धरून ठेवली. "मॅडम, ही माझ्या मागे आहे." थोडं खाली गेल्यावर आणखी एक. दुपारपर्यंत अशी सहा खासगी कॉलेजं निघाली जिथे गेल्या वर्षीची शेवटची रँक तिच्या रँकच्या मागे होती, आणि चार जिथे अगदी थोडक्यात पुढे होती. सरकारीत मात्र एकही नाही. ते मी तिला स्पष्ट सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती आधीपासून जाणून होती असं मला वाटलं.

वडिलांना आनंद झालाच नाही. "खासगी म्हणजे सुद्धा दहा-दहा लाख ना?"

इथे आम्ही उत्पन्नाचा दाखला काढला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत. राज्य सरकारच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयाप्रमाणे आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. वैद्यकीय त्यात येतं, खासगी विनाअनुदानित कॉलेजही येतं. अट ही की प्रवेश राज्याच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून गेलात की गेलं. आणि खासगी अभिमत विद्यापीठं यात नाहीत. म्हणजे एजंटच्या कागदावरची दोन्ही नावं अशी होती जिथे या मुलीला सवलतीचा एक रुपया लागू नव्हता. हे त्या माणसाने सांगितलं नव्हतं. मला याचा फार राग येतो. ज्या घराला ही माहिती सर्वांत जास्त हवी, त्याच घरापर्यंत ती शेवटी पोहोचते, तीही जमिनीचा सौदा ठरल्यावर.

परदेशाबद्दल थोडक्यात बोलले. परदेशी पदवीसाठी भारतीय नियम २०२१ पासून कडक आहेत: किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि परत आल्यावर इथली परीक्षा, ज्यात ३०० पैकी १५० लागतात. ज्यांना हे सगळं ठाऊक असून जायचंय त्यांना मी अडवत नाही. मेघनाला जायचंच नव्हतं.

मग पसंतीक्रम. मेघनाची भीती अशी: "वर केईएम टाकलं आणि नाही मिळालं, तर खालचं पण हातचं जाईल ना?" नाही जात. यंत्रणा गुणवत्ता यादीप्रमाणे एकेका विद्यार्थ्याला घेते, त्याची पहिली पसंती मोकळी आहे का बघते, नसेल तर दुसरी, नसेल तर तिसरी. वरची पंधरा नावं हुकली म्हणून सोळाव्याचा हक्क कमी होत नाही. उलट भीतीपोटी 'नक्की मिळेल' ते वर टाकलं, तर तेच मिळतं आणि त्याहून बरं मिळत असलेलं त्या फेरीत सुटतं. म्हणून क्रम मनाचा लावायचा. तिची नऊ नावं मी खोडू दिली नाहीत, पहिल्या नऊ ओळी त्यांच्याच राहिल्या. त्याखाली गडचिरोली, वाशीम, हिंगोली, बुलढाणा अशी २०२४ मध्ये सुरू झालेली सरकारी कॉलेजं घातली. ती तिच्या कागदावर नव्हतीच, कारण तिने नावं ऐकून लिहिली होती.

खरा वेळ मी यादीच्या तळावर घालवते. तळाची चार नावं तिथे का आहेत हे मुलाला सांगता आलं पाहिजे. मेघनाने तळाशी एक कॉलेज टाकलं होतं. मी विचारलं, "उद्या हेच लागलं तर जाशील?" ती गप्प. "मग टाकू नकोस." त्याच्या रुग्णालयात रुग्णच फारसे नसतात असं तिथल्या दोन विद्यार्थ्यांनी तिला सांगितलं होतं, तरी 'काहीतरी असू दे' म्हणून नाव होतं. पुढच्या फेऱ्यांत जागा नाकारण्याची मोकळीक कमी होत जाते. जिथे जायचं नाही ते नाव यादीत ठेवणं हाच मोठा धोका. दुसऱ्या फेरीचा अर्ज भरताना तर हातात असलेल्या जागेपेक्षा खरोखर बरी वाटतात तेवढीच नावं घालायची, कारण वरची जागा लागली की हातातली आपोआप जाते.

एमबीबीएस नाही लागलं तर? आईचं म्हणणं बीएएमएस. मेघनाला ते आईसाठी हवं होतं, स्वतःसाठी नाही, आणि हे तिने आईसमोर पहिल्यांदा म्हटलं. मात्र पशुवैद्यकीयचं नाव काढल्यावर तिचा चेहरा बदलला. घरी चार म्हशी, एका रेडकाच्या वेळी रात्रभर ती डॉक्टरांना कंदील धरून उभी होती, ते सगळं तिने सांगितलं. त्याचा अर्ज नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे (माफसू) वेगळा भरावा लागतो, गुण नीटचेच. वैद्यकीयच्या धावपळीत ही तारीख किती मुलांची हुकते! आम्ही ती त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहिली.

जाता जाता मी कागदपत्रांची पिशवी मागितली. नॉन क्रीमी लेयर दाखल्याची मुदत ३१ मार्चलाच संपलेली. जात वैधतेचं प्रकरण समितीकडे दाखल होतं, पण प्रमाणपत्र हातात नव्हतं. गुण, रँक, यादी सगळं जमून अशा एका कागदापायी राखीव जागा गेल्याचं मी पाहिलंय, म्हणून वडिलांना म्हटलं, "उद्या गॅरेज बंद ठेवा." त्यांनी ठेवलं. तहसील, सेतू केंद्र, वैधता समिती अशा सात फेऱ्या झाल्या.

पहिल्या फेरीत काहीच लागलं नाही. मेघनाचा फोन आला, आवाज बसलेला. मी तिला पट्टीखालची ती ओळ कुठल्या फेरीच्या यादीत होती, एवढंच विचारलं. दुसऱ्या फेरीत नाव थोडक्यात राहिलं. तिसऱ्या फेरीत यादीतलं एकतिसावं नाव लागलं, खासगी एमबीबीएस, पट्टी ठेवलेल्या सहांपैकी एक.

वडिलांनी रात्री अकराला फोन केला. शिक्षण शुल्क माफ होणार, पण विकास शुल्क, वसतिगृह, खाणावळ यांचे पैसे भरायचे होते, आणि कॉलेजने आधी पूर्ण फी मागितली तर काय म्हणायचं ते त्यांना विचारायचं होतं. मी त्यांना शासन निर्णयाची प्रत सोबत न्यायला सांगितलं आणि महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, अर्ज कधी करायचा ते लिहून घ्यायला लावलं. लिहून झाल्यावर ते म्हणाले, "मॅडम, तो पेन्सिलीचा कागद आहे अजून. त्याच्या मागेच लिहिलंय."