बेटीने हट्ट का सोडला?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. सुट्टीत ती आजोबांबरोबर मोबाइलवर जुन्या कृष्णधवल अमेरिकन मालिका पाहते. ‘फादर नोज बेस्ट’मधील इंजिनिअर होऊ पाहणारी बेटी नावाची मुलगी अखेर माघार घेते, हे पाहून ती दिवसभर धुमसत होती. आजोबा म्हणतात, या मालिका संस्कारी आहेत. त्या तिला पाहू द्याव्यात का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : जरूर पाहू द्याव्यात. आपल्या मुलीचा राग अगदी योग्य जागी आहे. १९५६ साली दाखवलेल्या त्या भागात शाळकरी बेटी व्यवसाय-मार्गदर्शनासाठी जमीन मोजणीचे (सर्व्हेचे) काम निवडते आणि मुलगी म्हणून कोणी नाकारू नये यासाठी नावाची केवळ आद्याक्षरे लिहिते. मोजणीच्या तुकडीतला तरुण इंजिनिअर तिला तिथे टिकू देत नाही. पुढे तोच घरी येऊन तिच्या वडिलांना सांगतो, की मुलीही याच कामाला लागल्या तर दमून परतणाऱ्या पुरुषाची वाट घरी कोण पाहणार? हे ऐकलेली बेटी नवा पोशाख घालून त्याच्यासमोर येते आणि इंजिनिअरिंगचा विषय तिथेच मिटतो. तिला गणित जमत नाही किंवा काम झेपत नाही, असे कुठेही दाखवलेले नाही. तरीही ती हरते, आणि मालिका तो प्रसंग सुखाचा म्हणून रंगवते. मला हेच अधिक जाचते.

त्या दशकात अमेरिकेत पहिले लग्न करणाऱ्या मुलींपैकी जवळपास निम्म्या २० वर्षांच्या आतल्या असत, त्यामुळे शाळा संपवणारी मुलगी कथेत लग्नाच्या उंबरठ्यावरच उभी दिसते. याच काळात नोकरी करणाऱ्या अमेरिकन स्त्रियांची संख्या मात्र वाढत होती. म्हणून या मालिकांकडे त्या समाजाचे चित्र म्हणून नव्हे, तर त्याला हवेसे वाटणारे घर म्हणून पाहावे.

मुलग्यांच्या वाट्याला वेगळी गोष्ट येते. १९५७ साली सुरू झालेल्या ‘लीव्ह इट टू बीव्हर’मध्ये मुलगे खोड्या करतात, वडिलांकडून समज घेतात आणि पुन्हा बाहेर हुंदडायला मोकळे होतात. शरीराविषयी तर सर्वत्र मौनच आहे : याच मालिकेच्या एका भागात मगरीचे पिल्लू शौचालयाच्या टाकीत ठेवण्याचा प्रसंग होता, त्यावर वाहिनीने हरकत घेतली आणि शेवटी फक्त टाकी दाखवण्यावर तडजोड झाली. जिथे टाकीचीही अडचण, तिथे पाळीचा उल्लेख कुठून येणार? वयात येण्याबद्दल मुलीला जे समजायला हवे, ते आपणच सांगावे लागेल.

त्या तरुणाचे बोलणे आपल्या सीमाभागातही ऐकू येते, फक्त काळजीच्या सुरात. व्हीटीयू या तंत्रशिक्षणाच्या विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावात असूनही, एसएसएलसीनंतर (दहावीनंतर) मुलीने पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स किंवा डिप्लोमा म्हटले, की ‘एवढ्या लांब रोज बसने कशाला?’ असे अनेक घरांत विचारले जाते. मुलाला मात्र पास काढून दिला जातो.

तो भाग तिघांनी पुन्हा पाहावा. बेटीऐवजी तिचा भाऊ बड मोजणीला गेला असता तर कथा कुठे संपली असती, हे आजोबांना विचारावे आणि नातीला त्यांच्याशी वाद घालू द्यावा. नंतर १९६५ ची ‘गिजेट’ ही मालिका लावावी. तिच्यातही वडिलांचा धाक आहे, पण लाटांवर फळी घेऊन जाणारी ती मुलगी स्वतःची गोष्ट स्वतः सांगते.