वाचकांचे प्रश्न : फायबरच्या तोंडाचं बूच

प्रश्न : साकीनाक्याला आमचा छोटा कारखाना आहे. नव्या बोर्डावर आम्ही नऊ पायांचं फायबर ट्रान्सीव्हर (लेसरने सिग्नलचा प्रकाश करून फायबरमध्ये सोडणारं आणि आलेल्या प्रकाशाचा पुन्हा सिग्नल करणारं मॉड्यूल) सोल्डर करतो : गिगाबिट, १३१० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश, सिंगल मोड म्हणजे बारीक गाभ्याचं फायबर, एससी कनेक्टर. जुलैतल्या २० बोर्डांपैकी तिघांचा प्रकाश उणे १४ डीबीएम आला, बाकीच्यांचा उणे ६ च्या आसपास (डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचं माप, उणे आकडा मोठा तितका प्रकाश कमी). शिवाय चांगल्या बोर्डांवरही लांबच्या फायबरवर अधूनमधून डेटाची पॅकेट गळतात. पुरवठादार म्हणतो, मॉड्यूल बदला. बदलावं का? (एक वाचक, अंधेरी पूर्व)

उत्तर : एवढ्यात बदलू नका. सोल्डर झालेलं मॉड्यूल उपटताना बोर्डाची भोकं खराब होतात आणि दोष मॉड्यूलमध्ये नसेलच तर नवंही तसंच वागेल. आधी एक सांगा, सोल्डरिंगनंतर बोर्ड धुताना मॉड्यूलच्या तोंडात, म्हणजे फायबर घालायच्या भोकात, बूच होतं का?

विचारते, कारण २००४ च्या पावसाळ्यात मी हाच मार खाल्ला आहे. मी ज्या कारखान्यात टेस्टिंग बघायचे, तिथेही अगदी असंच झालं : काही बोर्डांचा प्रकाश जेमतेम सहाव्या हिश्शावर, कारण सापडेना. आठवडाभर मी लेसरच्या करंटमागे लागले होते. शेवटी सप्लाय काढून, तपासणीच्या सूक्ष्मदर्शकातून मॉड्यूलच्या तोंडात पाहिलं. टेबलावर ओल्या कपाचा डाग उमटतो ना, तसं एक गोल वर्तुळ आत वाळून बसलेलं. धुणाऱ्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, “ताई, बूच ठेवलं की आत पाणी साचतं, लवकर सुकत नाही, म्हणून मी काढून ठेवते.” तिने मन लावूनच काम केलं होतं. बूच कशासाठी असतं हे तिला आम्ही कुणी सांगितलंच नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

सिंगल मोड फायबरचा गाभा असतो ९ मायक्रॉनचा. आपला केस त्याच्या सात-आठ पट जाड. फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावलेलं रसायन) मिसळलेल्या पाण्याचा एक थेंब तिथे वाळला की प्रकाशाची वाट अडलीच. म्हणून मॉड्यूलसोबत आलेलं बूच वेव्ह सोल्डरिंगला (बोर्ड वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून नेताना), धुताना, सुकवताना, अगदी पॅच कॉर्ड म्हणजे जोडणीची फायबर केबल लावेपर्यंत जागचं हलवायचं नाही. बूच असलं तरी बोर्ड पाण्यात बुडवून ठेवू नका, अल्ट्रासोनिकच्या टाकीत तर नकोच. मॉड्यूलच्या डेटाशीटमध्ये धुण्याबद्दल काय लिहिलंय ते धुणाऱ्यांना वाचून दाखवा.

तुमचे तीन बोर्ड बहुधा वाचतील. सप्लाय बंद करा, एससीच्या मापाची क्लीनर काडी कोरडीच घालून एकदा फिरवा, मग पुन्हा मोजा. डाग गेला नाही तर काडीला नावापुरतं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा आणि लगेच कोरड्या काडीने टिपून घ्या. थिनर वापरू नका. त्यात ॲसिटोन किंवा इथाइल ॲसिटेट असू शकतं, ते प्लॅस्टिकला आणि आतल्या चिकटवणीला खातं. कंप्रेसरची हवाही नको. जुलैत त्या नळीतून हवेबरोबर पाणी आणि तेलही येतं. पॅच कॉर्डचं टोकही पुसा, नाहीतर घाण या बोर्डावरून त्या बोर्डावर जाते.

आता गळणारी पॅकेट. तुम्ही बोर्डाचा लेआउट (ट्रॅकची आखणी) पाठवलेला नाही, पण मी पैज लावीन की ५ आणि ६ नंबरचे पाय एकाच जाड ट्रॅकवर असणार. ते शेजारी असतात, दोन्ही ३.३ व्होल्टचे, जोडण्याचा मोह होतोच. पण ५ नंबरवर रिसीव्हर जगतो आणि ६ वर ट्रान्समीटर. लांबच्या फायबरवरून उणे २० डीबीएम, म्हणजे फक्त १० मायक्रोवॅट प्रकाश येतो. त्याचा करंट काही मायक्रोअँपचा. शेजारी लेसर कित्येक मिलिअँप सेकंदाला कोट्यवधी वेळा चालू-बंद करत असतो, त्या गोंगाटात रिसीव्हरने ऐकायचं काय? हा गोंगाट अडवायला दोन्ही पायांना वेगवेगळा १ मायक्रोहेन्रीचा इंडक्टर द्या आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पायाला खेटून बसवा. जवळच्या फायबरवर हा दोष दिसत नाही. पहिले नमुने टेबलावर दोन मीटरच्या पॅच कॉर्डने तपासले असतील तर ते पास होणारच होते.

टर्मिनेशनही, म्हणजे सिग्नलच्या ट्रॅकच्या टोकाचे रेझिस्टरही, बघा. मॉड्यूलच्या आत ते नसतील तर प्रत्येक ट्रॅकला १३० ओम ३.३ व्होल्टकडे आणि ८२ ओम ग्राउंडकडे लागतात. ट्रान्समिटच्या जोडीला ते मॉड्यूलच्या पायांजवळ, रिसीव्हच्या जोडीला मात्र तो सिग्नल घेणाऱ्या चिपजवळ. अनेक बोर्डांवर मी चारही ट्रॅकचे रेझिस्टर मॉड्यूलपाशी पाहिलेत.

हवा दमट असली की स्टॅटिक (अंगावर साठणारी वीज) नसतं, असं म्हणून पोरं ती वीज जमिनीत सोडणारा मनगटाचा पट्टा काढतात. एसीच्या खोलीत ते खरं नाही. पट्टा घालूनच मॉड्यूलला हात लावायचा.

प्रश्न : फायबरच्या पोर्टमध्ये डोकावून प्रकाश येतोय का ते बघितलं तर चालतं का? (एक विद्यार्थी, माटुंगा)

उत्तर : बाळा, नाही. १३१० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्यालाही नाही. म्हणजे काळोख दिसला तरी लेसर बंद आहे असं ठरत नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पॉवर मीटर असेल तर तो मागून घे, आणि मोजून झालं की बूच पुन्हा लाव.